या वयात कसली शिकार?

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका ओहोटीला मी खाडीच्या कातळावरून घसरलो. शेवाळावर पाय ठरला नाही आणि डावं मनगट मोडलं. वय वर्षे ७१. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. पण हाडापेक्षा जास्त दुखलं ते नंतर घरात बसलेल्या बैठकीमुळे. मुलगा मुंब्र्याहून आला, मुलगी दुबईहून फोनवर हजर झाली आणि ठराव एकमताने मंजूर झाला : अब्बांनी यापुढे गरवायला जायचं नाही. मुलगा म्हणाला, “मासे खायचे आहेत ना? पाहिजे तेवढे बाजारातून आणून देतो.” मोहल्ल्यातले एक बुजुर्ग तब्येत विचारायला आले होते. जाताना दारात थांबून म्हणाले, “आता अल्लाह-अल्लाह करायचं वय झालं. या वयात कसली शिकार?”

प्लास्टरमध्ये हात अडकलेल्या माणसाला दुसरं काम नसतं. मी त्या प्रश्नावर सहा आठवडे विचार केला. हे त्याचं उत्तर आहे.

आधी शिकार म्हणजे काय ते सांगतो. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते, चिपळूणवरून येते आणि दाभोळला समुद्राला मिळते. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. मी दहा-बारा वर्षांचा असताना त्यांच्यामागे रानात गेलो आहे. रात्री डुकराची वाट बघत करवंदीच्या जाळीत बसलो आहे. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो अध्याय संपला. संपला ते बरंच झालं. आजोबांच्या गोष्टींतली निम्मी जनावरं तोवर गोष्टींतच उरली होती. आमच्या घराकडे उरली ती पाण्यातली शिकार. उर्दूत मासे पकडण्यालाही शिकारच म्हणतात. अरबीत तर रानातल्या आणि पाण्यातल्या शिकारीला ‘सैद’ हा एकच शब्द चालतो.

माझं हत्यार म्हणजे गरी. दोरा, शिसं, गळ आणि आमिषाला जिवंत कोळंबी. जाळं नाही, बोट नाही. एका वेळी एक मासा, तोही त्याची मर्जी असली तर. तरुणपणी पोटासाठी आखातात गेलो, २८ वर्षं कुवेतमध्ये काढली. तिथल्या खोलीत सहा जण झोपायचो. रात्री कोणाला गावची मशीद आठवायची, कोणाला आईच्या हातच्या घावण्या. मला आठवायची ती तांबोशी गळाला लागल्यावर दोऱ्याला बसणारी पहिली ओढ. परत आलो तेव्हा बाकी काही राहिलं नव्हतं, पण खाडी जागेवर होती.

आता ‘अल्लाह-अल्लाह करा’ या सल्ल्याकडे वळू. हा सल्ला आपल्या समाजात प्रत्येक म्हाताऱ्याला कधी ना कधी मिळतो. ऐकायला तो धार्मिक वाटतो. पण त्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की, तुम्ही खुर्चीवर बसा आणि आम्हाला काळजीतून मोकळं करा. माणूस साठी ओलांडतो आणि त्याची दुनिया घर, मशीद आणि दवाखाना या त्रिकोणात बसवली जाते. धर्माने असं कुठे सांगितलं आहे? सूरह मायदामध्ये हजच्या इहराममध्ये असलेल्या माणसाला जमिनीवरची शिकार मना केली आहे. पण पाण्यातल्या शिकारीची मुभा त्या अवस्थेतही आहे. जी गोष्ट इहराममध्ये चालते ती म्हातारपणात का चालू नये?

आणि खरं सांगायचं तर जेवढा जिक्र माझ्याकडून खाडीवर होतो तेवढा खुर्चीवर होत नाही. फज्रची नमाज पढून काठावर पोचावं, बिस्मिल्लाह म्हणून गळ टाकावा आणि गप्प बसावं. पाणी चढताना बघावं. रिज्क आपल्या हातात नसतो हे खुतब्यात पन्नास वर्षं ऐकलं. पटलं ते रिकामी पिशवी घेऊन घरी येताना.

पण माझ्या बाजूचं सगळंच खरं आहे असं म्हणणार नाही. धर्माने मुभा दिली तशा मर्यादाही घातल्या आहेत. जिवंत प्राण्याला नेमबाजीचं लक्ष्य करू नये, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. गरज नसताना केवळ करमणुकीसाठी जीव घेणं आलिमांनी नापसंत केलं आहे. सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या वस्तीचा किस्सा आहे. ज्या दिवशी मासेमारीची मनाई, नेमके त्याच दिवशी मासे वर येत. ही परीक्षा होती आणि त्या लोकांनी नियम मोडून ती गमावली. हा किस्सा मला दर पावसाळ्यात आठवतो.

कारण आपल्याकडेही तसंच होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ. माझ्या गरीला ती बंदी लागू नाही. पण पहिला पाऊस पडला की पोटात अंडी घेतलेले चढणीचे मासे ओढ्यांतून, वहाळांतून वर चढतात आणि सगळं गाव टोपल्या घेऊन धावतं. मीही धावायचो. तो आनंद मी नाकारत नाही, चुलीवरच्या त्या कालवणाचा वासही नाही. पण अलीकडे मी जात नाही. माझ्या लहानपणी एका भरतीला जेवढी बोय मिळायची तेवढी आता आठवड्यात मिळत नाही. वरच्या अंगाला कारखाने आले, खाडीचं पाणी बिघडलं, मेलेले मासे काठाला लागलेले मी किती वेळा बघितले आहेत. त्या दोषाचा वाटा माझा नाही. पण उरलेल्या माशांशी कसं वागायचं, हे तर माझ्या हातात आहे.

उतारवयातल्या शिकारीबद्दल माझं म्हणणं इथेच आहे. शिकार सोडू नये, तिचा आवाका कमी करत जावं. तरुण शिकाऱ्याला किती मिळालं ते मोजायचं असतं. म्हाताऱ्याला काय सोडलं ते मोजता आलं पाहिजे. मी आता घरातल्या माणसांना पुरतील तेवढेच मासे ठेवतो. वितीपेक्षा लहान तांबोशी मिळाली तर गळ सोडवून परत पाण्यात टाकतो. जून-जुलैत गरी खुंटीला टांगलेली असते.

या संदर्भात डॉ. सलीम अली यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्याच्या आयुष्याला वळण लागलं. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले, ते त्यांनी लपवलं नाही. पण हळूहळू बंदुकीपेक्षा दुर्बीण आणि वही मोठी झाली. ऐंशी ओलांडल्यावरही ते रानावनात जात राहिले. १९८७ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी ते गेले. त्यांना कोणी ‘आता बसा घरी’ म्हटलं असेल की नाही कोण जाणे. म्हटलं असेल तर त्यांनी ऐकलं नाही, हे आपलं नशीब.

आता एक कबुली. माझ्या हट्टाची एवढी चर्चा झाली. पण माझी फुफू सत्तरी उलटेपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिसऱ्या काढायची, कातळावरची कालवं फोडायची. कालवांच्या कपच्यांनी तिचे पाय फाटलेले असायचे. तिच्यासाठी कधी बैठक बसली नाही. तिला कोणी ‘फुफू, आता आराम करा’ म्हटलं नाही, कारण त्या तिसऱ्या आमच्या ताटात येत होत्या. पुरुषाचा छंद म्हातारपणी धोक्याचा ठरतो आणि बाईचं तेच काम शेवटपर्यंत कामच राहतं. माझ्या हक्काबद्दल लिहिताना मला हे आठवलं नसतं तर लाज वाटली असती.

मुलाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याला मी एकटा पाण्यात पडलेला दिसतो. तो मुंब्र्यात असतो, रात्री दोन वाजता फोन वाजला तर त्याचं काय होतं ते मला कळतं. “वाशिष्ठीत मगरी आहेत,” असंही तो म्हणाला. त्या वर चिपळूणच्या अंगाला, पण आहेत हे खरं. म्हणून आम्ही तह केला. कातळावर जाणं बंद, आता धक्क्यावर बसायचं. उधाणाच्या दिवसांत जायचं नाही. एकटं जायचं नाही. पलीकडच्या खारवीवाडीतला माझा चाळीस वर्षांचा दोस्त सोबत असतो. त्याचे गुडघे गेलेत, माझी नजर. बारीक दोऱ्याची गाठ तो मारतो, चढ मी त्याला धरून चढवतो. आणि सुट्टीत आलेला नातू सोबत हवाच, ही अट माझी.

कारण मी जे जाणतो ते कुठल्या पुस्तकात नाही. चांदाच्या तारखेत एक मिळवला की बहुधा हिंदू तिथी निघते. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ मिळते. हे गणित माझ्या आजोबांनी मला शिकवलं, त्यांना एका खारव्याने शिकवलं होतं. मशिदीचा चांद आणि पंचांगाची तिथी एकाच पाण्याचा हिशेब सांगतात. नातवाने पहिल्यांदा तो हिशेब करून वेळ सांगितली आणि पाणी खरंच त्या सुमाराला भरलं, तेव्हा तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच भरती आणली.

घरातल्या म्हाताऱ्यांना बसवण्याआधी त्यांना एकदा विचारा, तुम्हाला कुठे जायचं आहे. मग त्यांच्यासोबत जा. धोका कमी करता येतो. घरात बसवून ठेवलेल्या माणसाचं आतलं जे विझतं, ते पुन्हा पेटवता येत नाही. आणि आम्ही म्हाताऱ्यांनीही कातळावरून खाली उतरायला शिकावं. हट्ट शिकारीचा असावा, कातळाचा नको.

उद्या चांदाची दहा तारीख. म्हणजे एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ, खाडीच्या आत थोडा उशीर धरायचा. मी धक्क्यावर असेन.