दादाचा ट्रॅक्टर आणि आमचं गवत

आमचा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे लॉन कापायचा बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर आहे. मागच्या वर्षी त्याने पेट्रोलचा विकून बॅटरीवाला घेतला, आणि तेव्हापासून फोनवर दुसरा विषय नाही! आता म्हणतो, वेल्ह्याच्या जागेवरही एक घेऊया. (2024 साली मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला, पण आमच्या तोंडातून वेल्हं काही जात नाही.) भोरचे काका लगेच म्हणाले, "लाईट कुठे असते तिकडे? घ्यायचाच तर पेट्रोलचा घ्या."

माझ्या मते दोघंही चुकताहेत.

आधी काका. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, पण छोटं इंजिन त्यातली जेमतेम पाचवा हिस्सा कामाला लावतं. बाकी सगळी धूर आणि उष्णता. असा ट्रॅक्टर तासाला तीनेक लिटर पितो, म्हणजे तीनशेच्या वर रुपये. मोटरला त्याच कामाला तीन-चार युनिट पुरतात; बारा रुपयाने धरलं तरी पन्नासच्या आत. शिवाय ऑइल, प्लग, कार्बोरेटर ही कटकट नाही. राहिली लाईट. ती रात्री येवो नाहीतर पहाटे, बॅटरी एकदा भरली की झालं. तेव्हा काका, हरलात!

पण दादा, तूही जिंकला नाहीस. तासाला अडीचशे वाचले, मान्य. पण तास किती? तुझ्याकडे एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला गवत कापतात. आपल्याकडे गवत वाढतं भर पावसात, तेव्हा उतारावरच्या चिखलात ट्रॅक्टर उभासुद्धा राहायचा नाही. दिवाळीनंतर ते आपोआप वाळतं. वर्षाला फार तर वीस तास काम, म्हणजे पाच हजारांची बचत. पुढे बॅटरी बदलायला लाखभर लागले तर ते फिटायला वीस वर्षं! आणि बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होतेच.

मग उन्हाळ्यातही हिरवळ ठेवू, म्हणशील. पाणी कुठलं? पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणं ज्या डोंगरांत आहेत, तिथल्याच वाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघतात. त्यांच्यादेखत आपण लॉनवर पाइप सोडायचा?

आपल्या शेजाऱ्याकडे दोन म्हशी आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास तो विळा घेऊन येतो, भारे बांधून नेतो, वर आपल्याला खरवस आणून देतो. तासाचा खर्च शून्य. यंत्राने भुगा केला तर ते गवत त्याच्या म्हशींच्याही कामाचं राहणार नाही.

दादा, तुझ्या अंगणात बॅटरीवालाच बरोबर आहे. इथे मात्र विळाच राहू दे. आणि गवत कापायची फारच हौस असेल, तर दिवाळीला ये. दुसरा विळा आहे घरात :)