लिटर की किलो?

तेलाची एक लिटरची पिशवी म्हणजे एक किलो तेल, असं समजणारी भरपूर माणसं भेटतात. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण दुकानात पैसे मोजताना नेमकं तेच आठवत नाही. एक लिटर खाद्यतेल भरतं साधारण 910 ते 920 ग्रॅम.

आमच्या सोलापुरात करडईच्या तेलाचं कौतुक जरा जास्तच. करडईचं संशोधन केंद्रही इथंच आहे. पण तेल घ्यायला निघालात तर एकीकडे दर किलोचा, दुसरीकडे लिटरचा. समजा, एक जण 250 रुपये लिटर म्हणतो आणि दुसरा 270 रुपये किलो. स्वस्त कोण? बहुतेक जण पहिल्याकडे जातील. खरं तर त्याचा किलोचा दर पडतो 275 च्या आसपास! डब्याचं गणित तर आणखी मोठं. 15 किलोच्या डब्यापेक्षा 15 लिटरच्या डब्यात साधारण सव्वा किलो तेल कमी असतं, आणि शेजारी ठेवले तर दोन्ही डबेच दिसतात.

त्यात तापमानाची भर. तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल 21 अंशांना सुमारे 919 ग्रॅम भरतं, 60 अंशांना 893 च्या आसपास. काही कंपन्या लिटरपुढे चक्क 60 अंश तापमान छापत होत्या. अहो, सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा पारा 60 ला जात नाही! शेवटी ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारने तापमान न लिहिता लिटर आणि वजन दोन्ही छापायला सांगितलं आणि 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत दिली.

कुणी म्हणेल, लिटरमध्ये एवढं वाईट काय? दुधाला किंवा वाइनला काहीच नाही. लिटरभर दूध 1030 ग्रॅम, वाइन 990 च्या आसपास. किलो समजलात तरी फार बिघडत नाही. मधाचं उलटंच, लिटरला जवळजवळ 1400 ग्रॅम. पण तेलाचा फरक आठ-नऊ टक्क्यांचा, तोही दर महिन्याला, आणि नेहमी आपल्याच खिशातून.

पूर्वी आपल्याकडे शेर मापाचाही होता आणि वजनाचाही. तो घोळ मिटावा म्हणून तर मेट्रिक पद्धत आली ना? मग सुट्या तेलाचा काय, पिशवीतल्या तेलाचा काय, दर फक्त किलोनेच सांगावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वजन उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तेच राहतं.

तोवर एक सोपा हिशोब. लिटरच्या दरात त्याचाच दहावा हिस्सा मिळवा, किलोचा दर हाती येतो. आणि पिशवीवर ग्रॅमचा आकडा कुठे छापलाय तो शोधा. बारीक अक्षरात असतो, पण असतो.