रुमाल टाकलेलं पाणी

फर्स्ट इयरला होस्टेलवर आलो तेव्हा इंट्रोमध्ये प्रत्येकाला आपलं गाव सांगावं लागायचं. मी ‘जालना’ म्हणालो की समोरच्याचं उत्तर ठरलेलं. मेकॅनिकलवाले ‘स्टील’ म्हणणार, शेतकऱ्याची पोरं ‘बियाणं’ म्हणणार, एखादा ‘मोसंबी’ म्हणणार. आणि कोणीतरी मागून हमखास ओरडणार, ‘टँकर!’ हसायला यायचं, पण खोटं नव्हतं. ‘जालना सोने का पालना’ म्हणणाऱ्या आमच्या जिल्ह्याने 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या वाळलेल्या बागा तोडून सरपण केलेलं मी घरातल्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं.

त्याच जिल्ह्यात, त्याच दुष्काळात, एका गावाच्या द्राक्षबागा हिरव्या होत्या. कडवंची. जालना तालुक्यातलं, शहरापासून वीसेक किलोमीटरवर सिंदखेडराजाच्या अंगाला असलेलं छोटं गाव. आता समृद्धी महामार्ग त्याच्या शिवारातून जातो, त्यामुळे नागपूरहून मुंबईला निघालेली गाडी दीड मिनिटात ते गाव मागे टाकते. थांबून बघायला कोणी उतरत नाही. एक्सप्रेस वेवर उतरता येतही नाही म्हणा. पण त्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांत तिथे उतरून बघणाऱ्यांची कमी नव्हती. मंत्री आले, अधिकारी आले, एसटीच्या एसटी भरून शेतकरी आले. आमच्या गावातूनही एक जीप गेली होती, त्यात माझे वडील होते. माझं म्हणणं त्या जीपबद्दलच आहे.

आधी कडवंचीत काय झालं ते सांगतो, कारण सिव्हिलवाल्यांनाही ते माहीत नसतं असा माझा अनुभव आहे. (परीक्षेला ‘वॉटरशेड’ची व्याख्या पाच मार्कांना येते, ती सगळ्यांना पाठ आहे.) 1990 च्या दशकात नाबार्ड आणि जर्मन सरकारच्या मदतीने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम महाराष्ट्रात सुरू झाला. कडवंचीत 1996 पासून हे काम मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने केलं. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र चालवणारी हीच संस्था, विजयअण्णा बोराडे यांची. कामाची पद्धत ‘माथा ते पायथा’. म्हणजे आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग उतारावरच्या शेतांची बांधबंदिस्ती, मग ओढ्या-नाल्यांवर बांध. खालून वर नाही. माथ्यावरचं पाणी मोकळं सोडून नाल्यात बांध घातला तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो, हे समजायला डिग्री लागत नाही. तरी राज्यात असे गाळाने भरलेले बांध मोजायला बसलो तर हे मासिक पुरायचं नाही.

या कार्यक्रमाची दुसरी बाजू म्हणजे अटी. गावाने श्रमदान करायचं, मोकाट चराई बंद, कुऱ्हाडबंदी. पैसा बाहेरून आला, पण गावाने आधी एकत्र बसून ‘हो’ म्हटल्याशिवाय नाही. आमच्याकडे ग्रामसभेला वीस माणसं जमवायची म्हटली तरी चहा ठेवावा लागतो, तिथे आख्ख्या गावाने आपली शेरडं बांधून ठेवायची हे केवढं काम आहे, ते खेड्यातून आलेल्यालाच कळेल.

त्यानंतर विहिरींना पाणी टिकायला लागलं. मग द्राक्षं आली, आणि द्राक्षांमागून शेततळी आली. आज कडवंची, नंदापूर, धारकल्याण या पट्ट्यात शेकडो शेततळी आहेत. टेकडीवरून पाहिलं तर प्लॅस्टिक अंथरलेले चौकोन उन्हात आरशासारखे चमकतात. आमच्या गावच्या जीपने नेमके हे आरसे पाहिले. चर दिसले नाहीत, कारण इतक्या वर्षांत त्यांच्यावर गवत वाढलंय. बांध दिसले नाहीत, कारण बांध सगळीकडेच असतात. चराईबंदी तर दिसण्यासारखी गोष्टच नाही. जीप परत आली आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावात पहिलं पोकलेन आलं.

पुढे फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, पन्नास हजारांपर्यंत अनुदान. मागणारे पुष्कळ निघाले. आमचंही तळं त्यानंतरचं. 30 मीटर बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, बाजूंना एकास एक उतार. सूत्रात घालून बघा, 2196 घनमीटर येतात. म्हणजे जवळजवळ बावीस लाख लिटर.

आता खरा प्रश्न. हे बावीस लाख लिटर येतं कुठून? शेततळ्याची मूळ कल्पना अशी की पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात अडवायचं. पण आमच्या तळ्याला चारही बाजूंनी मातीचा उंच बांध आहे. वाहतं पाणी आत शिरायला वाटच नाही. शिरलं तर गाळ येईल, काटे-दगड येतील, कागद फाटेल. (आमच्याकडे त्या प्लॅस्टिकला कागदच म्हणतात.) त्याच्या काठावर एक पाइप आहे आणि तो विहिरीतून येतो. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत, विहीर तुडुंब असते तेव्हा, रात्रीची लाईट असेल त्या रात्री मोटार चालते आणि जमिनीखालचं पाणी वर उघड्यावर आणून ठेवलं जातं. आमच्याच नाही, मी ज्या ज्या शिवारात डोकावलो तिथली बहुतेक तळी अशीच भरतात.

थोडं गणित करू. तळं भरलेलं असताना पाण्याचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर. बाष्पीभवन दिवसाला सरासरी 5 मिलिमीटर धरा. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत ते याच्या बरंच वर जातं, पण हिवाळा धरून 5 घेऊ. रोजचे साडेचार हजार लिटर. होस्टेलवर पाणी गेलं की दहा हजार लिटरचा टँकर येतो, तो आठवा. तसा जवळजवळ एक टँकर दर दोन दिवसांनी हवेत सोडायचा. तळं उपसत जाऊ तसा पृष्ठभाग कमी होतो, म्हणून पुढे थोडं कमी धरा. तरीही उन्हाळा संपेपर्यंत चौथा-पाचवा हिस्सा पाणी कोणत्याही पिकाच्या मुळाला न लागता जातो. जमिनीखाली असतं तर ते उन्हापासून झाकलेलं होतं. आपल्या हायड्रॉलॉजीच्या पेपरात या ठिकाणी ‘निगलेक्ट इव्हॅपोरेशन’ असं कंसात लिहिलेलं असतं आणि आपण आनंदाने निगलेक्ट करतो.

मग शेतकरी वेडा आहे का? अजिबात नाही. मी हाच प्रश्न घरी वडिलांना विचारला होता, सेकंड इयरच्या सुट्टीत, नुकतंच शिकलेलं अंगात असताना. ते म्हणाले, ‘‘हिरीत ठिवलं तर ते माझं ऱ्हातंय का?’’ मला उत्तर देता आलं नाही. आपला खडक बेसाल्ट. काळ्या पाषाणात पाणी जवळपास नसतंच, असतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, तेही खडकाच्या एकूण आकारमानाच्या शंभरात एक ते तीन टक्के. आणि ते थांबत नाही, उताराने सरकतं. माझ्या विहिरीतलं आज न उपसलेलं पाणी उद्या खालच्याच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये असणार. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं शेततळं म्हणजे पाण्यावर टाकलेला रुमाल आहे. पाणी वाढत नाही, ते कोणाचं हे ठरतं.

आणि द्राक्षवाल्याला रुमाल टाकण्यावाचून गत्यंतर नाही. द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या घडाची तयारी एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत होते. ऐन एप्रिल-मेमध्ये, जेव्हा विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा वेलीला पाणी कमी पडलं तर पुढच्या वर्षीचा माल काडीतच मेला. बागेत लाखो रुपये अडकवलेल्या माणसाला त्या दोन महिन्यांची खात्री हवी असते. ती खात्री शेततळं देतं, हे कबूल केलंच पाहिजे. माझी फी त्याच तळ्यावर भरली गेली आहे. ‘‘तळं नसतं तर तू आज बाष्पीभवन शिकला नसतास,’’ असं आमची आई म्हणते, आणि तिचं बरोबर आहे.

पण आमच्या विहिरीपासून दोनशे फुटांवर तात्यांची विहीर आहे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्याकडे बाग नाही, तळं नाही. कापूस, तूर, आणि रब्बीला एक एकर ज्वारी. पूर्वी त्यांच्या ज्वारीला संक्रांतीपर्यंत पाणी पुरायचं. आता दिवाळीनंतर त्यांची मोटार पाऊण तासात गुळण्या टाकायला लागते. ते आमच्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गेल्या वर्षी बोअर घेतलं, पाचशे फूट, कर्ज काढून. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याप्रमाणे शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जायलाच बंदी आहे. आमच्या तालुक्यात हे कोणाला सांगितलं तर लोक चहा पाजतात आणि विषय बदलतात. बोअरला पाणी लागलं नाही. नुसती पांढरी भुकटी उडाली.

मला राग येतो तो या सगळ्याला ‘कडवंची पॅटर्न’ म्हणतात याचा. कडवंचीत आधी पाणी मुरवायचं काम झालं, सगळ्या शिवारात, अटी घालून. त्यानंतर साठवायची भांडी आली. आम्ही मुरवायचं सोडून फक्त भांडी आणली. आणि स्पष्टच लिहितो, खुद्द कडवंचीच्या पट्ट्यातही आता भांड्यांची संख्या मुरलेल्या पाण्याला जड होत असणार, ही शंका मला तिथे दोनदा फिरल्यावर आली. जितकी बाग वाढेल तितकं तळं मोठं, तळं मोठं तितका उपसा जास्त. कडवंचीवर प्रेम असणाऱ्यांनीच हे बोलायला हवं. बाहेरचे बोलले की लोक चिडतात.

यावर उपाय माझ्या डोक्यातून आलेला नाही. हिवरे बाजारमध्ये गाव दरवर्षी पाण्याचं अंदाजपत्रक मांडतं, पाऊस किती झाला त्यावर पिकं ठरतात, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला गावानेच बंदी केली आहे. त्याही आधी, 1972 च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हता, माणसांवर होता. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही हिस्सा, आणि ऊस बंद. हे साळुंखे कोण? पुण्यात मोजमापाची उपकरणं बनवण्याचा कारखाना असलेले इंजिनिअर. आपल्या एकाही सिलॅबसमध्ये त्यांचं नाव मला सापडलं नाही.

वाटून घ्यायचं तर आधी मोजायला हवं, आणि मोजणं हे तरी आपलं काम आहे. विहिरीची पातळी मोजायला दोरी, दगड आणि टेप पुरतो. आपल्याकडे फायनल इयरचे प्रोजेक्ट शहरातल्या दुकानातून किती रुपयांना येतात हे सरांनाही माहीत आहे आणि आम्हालाही. त्या पैशांत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना चार विहिरींना पुरतील इतके लेव्हल सेन्सर बसवता येतील. सिव्हिलच्या सर्व्हे कॅम्पला दरवर्षी तीच टेकडी, तोच काँटूर मॅप, फक्त बॅचचं नाव बदलतं. एखाद्या वर्षी तो कॅम्प एखाद्या गावाच्या शिवारात नेला आणि नकाशा ग्रामपंचायतीत लावून आलो तर काय बिघडेल? सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात इतका पाऊस झाला की पिकं वाहून गेली. अशा वर्षात कोणी पाणी मोजत नाही, आणि म्हणूनच मोजायची वेळ हीच असते. टँकर सुरू झाल्यावर मोजायला काही उरत नाही.

मी दिवाळीत सुरुवात केली. आमच्या विहिरीत कठड्यापासून 18 फुटांवर पाणी होतं, तात्यांच्या 21 फुटांवर. तळं भरायला मोटार चालू झाल्यावर चौथ्या दिवशी आमची पातळी 26 आणि त्यांची 25. वहीत लिहून वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि वही परत दिली. रात्री जेवताना म्हणाले, ‘‘तात्याला दाखवली का?’’ मी नाही म्हणालो. ‘‘दाखव,’’ म्हणाले. मोटार त्या रात्रीही चालूच होती.

मागच्या महिन्यापासून आकडे तात्याच फोनवर सांगतात, दोन्ही विहिरींचे. होस्टेलवर ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांनी दर महिन्याच्या एक तारखेला घरच्यांकडून पातळी विचारून मला द्यावी. जालन्याचेच असायला हवेत असं नाही. तक्ता मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी लावला आहे, त्याखाली माझा रूम नंबर आहे. फूट चालतील, मीटरमध्ये मी करून घेईन. फक्त मोटार चालू होती की बंद, तेवढं मात्र लिहा.