नायकाचा कबुलीजबाब

मारधाडपटाच्या नायकाचा कबुलीजबाब ऐकताना मी सावध असतो. पश्चात्तापालाही तिकीट लावता येते. तरी माब्रूक एल मेश्री यांचा ‘जेसीव्हीडी’ (२००८) मला पटला. बेल्जियमचा नट झाँ-क्लोद व्हॅन डॅम त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहे : पैशाची ओढाताण, ब्रसेल्सच्या टपाल कचेरीत ओलीस, आणि पोलिसांच्या लेखी दरोडेखोर. बाबा टीव्हीवर दिसले की मैत्रिणी हसतात, असे मुलगी न्यायालयात सांगते. मध्येच त्याची खुर्ची सेटच्या वर उचलली जाते आणि सुमारे सहा मिनिटे तो थेट कॅमेऱ्याशी अमली पदार्थांविषयी, न पेललेल्या यशाविषयी बोलतो. एकही कट नाही. ज्याची एकेक लाथ संथगतीत पुनःपुन्हा दाखवली जाई, त्या नटाकडून हे! बाजाराने मात्र २०१२ मध्ये ‘द एक्स्पेंडेबल्स २’साठी पुन्हा लाथच मागितली. पात्राचे आडनावसुद्धा ‘व्हिलेन’.