थेट सरपंच आणि जळालेली मोटार

आमच्या गावात सरपंच एका गटाचे आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, असे आपण राज्यशास्त्राच्या तासाला शिकतो. पण कोणते पॅनल कोणत्या पक्षाचे, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल.

गेल्या उन्हाळ्यात नळयोजनेची मोटार जळाली. सरपंचांनी खर्चाचा विषय ठेवला की सदस्य तो पाडणार. सदस्यांनी सुचवलेला मिस्त्री सरपंचांना चालणार नाही. बाबांचे मत सरपंचांना गेलेले, आणि विरोधी सदस्यांत माझे सख्खे मामा! दोघे एका बाजेवर बसून भांडत होते, तेव्हा विहिरीवरून आलेली आई म्हणाली, "कोणाचं बी खरं असू द्या, गुंड तं माह्याच डोक्यावर हाय."

सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ साली आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली परत आली. सत्तापालट झाला की नियम पालटला; गावाला कोणी विचारले नाही. तरीही मी थेट निवडीच्याच बाजूचा आहे. पूर्वी सरपंच निवडायच्या आधी सदस्यांना 'सहलीला' नेत, हे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. पण थेट सरपंचाला हटवायचे तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत, शिवाय ग्रामसभेची संमती. म्हणजे विरोधकांच्या हाती अडवणूक तेवढी उरते.

ही तर अध्यक्षीय पद्धतीची घरगुती आवृत्तीच. दक्षिण कोरियात १९८७ पासून राष्ट्राध्यक्ष थेट निवडला जातो. तेथे संसदेत विरोधकांचे बहुमत, अंदाजपत्रकावरून तंटा. आणि ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. काही तासांतच संसदेने तो उठवण्याचा ठराव १९० विरुद्ध शून्य मतांनी केला. त्या १९० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचे १८ जण होते. मला विशेष वाटते ते या अठरांचे. आपला माणूस चुकला, हे विरोधकांच्या रांगेत उभे राहून सांगणारा एक तरी सदस्य आमच्या दोन्ही गटांत आहे का?

असो. शेवटी बायका रिकामे गुंड घेऊन ग्रामसभेत येऊन बसल्या. आईही होती. दुरुस्तीचा ठराव दहा मिनिटांत झाला. मामांनी हात वर केला, सरपंचांनीही केला. फक्त एकमेकांकडे पाहिले नाही.