कागद संपतो तिथून पुढे

सोळाव्या शतकातला जपानी सत्ताधीश ओदा नोबुनागा याच्या पदरी असलेल्या यासुके या आफ्रिकी माणसाविषयीचे समकालीन कागद मोजकेच आहेत. नोबुनागाचा सेवक ओता ग्युइची याने लिहिलेले धन्याचे चरित्र, तोकुगावांचा सरदार मात्सुदाइरा इएतादा याची रोजनिशी आणि जेझुइट पाद्र्यांची पत्रे. यांतला यासुकेविषयीचा सगळा मजकूर एकत्र केला, तरी चार पाने भरायची नाहीत. एवढ्या मजकुरावर थॉमस लॉकली यांनी जाडजूड पुस्तक उभे केले आणि यासुकेचे नाव जगभर झाले.

लॉकली ब्रिटिश आहेत. जपानच्या निहोन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात ते भाषा शिकवतात. यासुकेवरचे त्यांचे पुस्तक २०१७ मध्ये जपानीत आले आणि २०१९ मध्ये जेफ्री जिरार्ड या कथालेखकाच्या साथीने लिहिलेले 'आफ्रिकन सामुराई' इंग्रजीत. पुढे २०२४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' हा व्हिडिओ गेम जाहीर झाला. त्याच्या दोन नायकांपैकी एक यासुके. जपानी समाजमाध्यमांत वादळ उठले आणि लॉकली यांच्यावर टीकेची झोड उठली. भाषेच्या शिक्षकाला इतिहास लिहिण्याचा अधिकार काय, परक्याने आमचा इतिहास का सांगावा, असे प्रश्न विचारले गेले. शिवीगाळही झाली.

हे प्रश्नच चुकीचे आहेत. यासुकेची हकिकत एका देशाची नाहीच. जेझुइटांचे पाहणी अधिकारी आलेस्सांद्रो वालिन्यानो १५७४ मध्ये गोव्यात उतरले आणि मकाऊमार्गे १५७९ मध्ये जपानला पोहोचले. यासुके त्यांच्याच चाकरीत क्योटोला आला. तो मूळचा मोझांबिकचा, असे सोलिए या फ्रेंच जेझुइटाने लिहिले ते १६२७ मध्ये, म्हणजे घटनेला पंचेचाळीस वर्षे उलटल्यावर. पोर्तुगीज पत्रे आणि जपानी रोजनिशा शेजारी ठेवून वाचायच्या, तर ते काम चार भाषांच्या हद्दीवर वावरणारा माणूसच हाती घेणार. लॉकली यांनी ते घेतले, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

विचारायचे ते वेगळेच. त्यांच्या वाचकाला कागद कोणता आणि तर्क कोणता, हे वाचताना कळते का?

कागद काय सांगतात ते पाहू. १५८१ च्या मार्चमध्ये क्योटोत यासुकेला पाहायला एवढी गर्दी लोटली की चेंगराचेंगरी झाली, असे पाद्री कळवतात. त्याच्या कातडीचा रंग खरा आहे की लावलेला, याची खात्री करायला नोबुनागाने त्याला कमरेपर्यंत कपडे उतरवायला लावले. ग्युइची त्याचे वय सव्वीस-सत्तावीस सांगतो आणि त्याच्या अंगात दहा जणांचे बळ असल्याचे लिहितो. इएतादा १५८२ मध्ये त्याला पाहतो आणि नाव, रंग व उंची टिपतो. ती उंची आजच्या मापाने सुमारे १८८ सेंटिमीटर भरते. नोबुनागाने त्याला तनखा, घर आणि लहान तलवार दिल्याचा उल्लेख आहे, पण तो ग्युइचीच्या चरित्राच्या सगळ्या प्रतींत सापडत नाही. त्याला सामुराई म्हणावे की नाही, हा सगळा वाद या उल्लेखाभोवती फिरतो.

जून १५८२ मध्ये होन्नो-जी मंदिरात नोबुनागाचाच सरदार अकेची मित्सुहिदे याने धन्याचा घात केला. यासुके नोबुनागाच्या वारसाकडे धावला, बराच वेळ लढला आणि शेवटी त्याने तलवार शत्रूच्या हाती दिली. मित्सुहिदेने त्याला मारू नका, पाद्र्यांच्या चर्चमध्ये सोडा, असे फर्मावले. त्यानंतर यासुकेविषयी खात्रीने सांगता येईल असा एकही कागद नाही.

'आफ्रिकन सामुराई' मात्र कादंबरीसारखे वाहत जाते. प्रसंग रंगतात, माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. पण वाक्यागणिक तळटिपा नसल्याने कुठला तपशील पत्रातला आणि कुठला लेखकांच्या कल्पनेतला, हे सामान्य वाचकाला ओळखता येत नाही. उपशीर्षक तर यासुकेची 'खरी कहाणी' असल्याचे सांगते.

यातून काय घडते, ते २०१७ च्या जपानी पुस्तकातल्या एका वाक्यावरून दिसले. आफ्रिकी गुलाम पदरी बाळगण्याची टूम स्थानिक मातब्बरांत सुरू झाली असावी, अशा अर्थाचे ते वाक्य. २०२४ मध्ये ते हातोहाती फिरले, त्यातले 'असावी' गळून पडले आणि जपानवर गुलामगिरीचा आरोप केल्याचा बोभाटा झाला. वाक्य तोडणाऱ्यांचा दोष आहेच. पण त्या वाक्याला आधार काय, हा टीकाकारांचा प्रश्न रास्तच होता.

आधार कसा सांगावा, याचा जुना दाखला आहे. जपानी भूतकथा इंग्रजीत सांगणारे परदेशी लेखक लाफकादिओ हर्न हेही जपानात इंग्रजीच शिकवत. १८९० मध्ये आले, मात्सुएत शिकवले, पुढे टोकियोच्या शाही विद्यापीठात. जुनी जपानी पुस्तके त्यांना सहज वाचता येत नसत. पत्नी सेत्सु त्यांना गोष्टी सांगत. तरी १९०४ च्या 'क्वाइदान'च्या प्रस्तावनेत त्यांनी बहुतेक कथा जुन्या पुस्तकांतून घेतल्याचे नोंदवले, काही पुस्तकांची नावे दिली आणि हिमस्त्रीची कथा मुसाशी प्रांतातल्या एका शेतकऱ्याने सांगितल्याचे कळवले. ती कुठे लिहिलेली आहे का, हे ठाऊक नसल्याचेही स्पष्ट म्हटले. भुतांच्या गोष्टींसाठी एवढी काळजी घेतली जाते, तर इतिहास म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकाकडून त्याहून कमी अपेक्षा का ठेवायची?

यासुकेला विस्मृतीतून बाहेर काढून जगभरच्या वाचकांपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय लॉकली यांचे आहे. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी आणि प्रकाशकांनी प्रत्येक प्रसंगाखाली आधार द्यावा, आधार नसेल तिथे 'हा आमचा तर्क' असे त्याच पानावर छापावे आणि उपशीर्षकातले 'खरी कहाणी' हे शब्द काढून टाकावेत.