पहारा फुकटचा, तपास कुणाचा?

प्रति,
केंद्रीय गृहमंत्रालय, नवी दिल्ली
(प्रत : गृह विभाग, महाराष्ट्र शासन, पोलीस अधीक्षक, पुणे ग्रामीण)

इंटरनेटवरची अश्लीलता हुडकायला सरकारने बाहेरची माणसं जुंपावीत, ही युक्ती मंत्रालयाची स्वतःची नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने ती आधीच करून पाहिली. ‘मॉरॅलिटी इन मीडिया’ या नीतिरक्षक संघटनेला सरकारी अनुदान मिळालं. लोकांच्या तक्रारी निवृत्त पोलिसांकडून चाळून घ्यायच्या आणि खात्याकडे धाडायच्या, हे तिचं काम. २००७ साली हिशेब बाहेर आला. ग्राह्य ठरवून पुढे पाठवलेल्या तक्रारी ६७,०००. त्यांतून उभे राहिलेले खटले शून्य.

भारतात हाच प्रयोग ३१ जुलै २०१५ ला झाला. दूरसंचार विभागाने एका आदेशात ८५७ संकेतस्थळं बंद करायला सांगितली. यादी कुठल्या पोलिसाने केलेली नव्हती. अश्लीलतेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्याच्या बाजूने ती आली आणि तशीच पुढे गेली. तीत निव्वळ विनोदाचं संकेतस्थळही निघालं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात बंदीचं रीतसर कलम ६९अ, पण त्यात ‘सभ्यता’ हे कारणच नाही, म्हणून कलम ७९ पुढे करण्यात आलं. ४ ऑगस्टला माघार : बालकांचं लैंगिक शोषण दाखवणारी तेवढी बंद ठेवा, आणि ती कोणती हे इंटरनेट सेवा कंपन्यांनीच ओळखावं. निवड आधी याचिकाकर्त्याची, मग कंपनीची. सरकारकडे उरली सही.

२०२१ मध्ये मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने ‘सायबर स्वयंसेवक’ आणले. बेकायदा मजकूर दाखवून देणारा, जनजागृती करणारा आणि तज्ज्ञ, असे तीन प्रकार. पहिल्यासाठी पूर्वपडताळणी लागत नाही. (भाडेकरू ठेवायचा तर पोलीस ठाण्यात त्याचे कागद द्यावे लागतात.) काटकसर कौतुकास्पदच आहे.

आता पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याकडे बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरचा अधिकारीच करू शकतो. लहान ठाण्याचा कारभार सहायक निरीक्षकाकडे असला, की तपास कायद्यानेच अडतो. शिवाय इथला गुन्हा उघड्या संकेतस्थळावर घडतोच असं नाही. एखाद्या मुलीचा चेहरा कुणीतरी उघड्या देहावर चिकटवतो आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. त्या ग्रुपमध्ये स्वयंसेवकाला शिरता येत नाही. तिथे मोबाइल जप्त करणारा अधिकारी लागतो. तोवर मुलीने काय करायचं? तो फोटो झेरॉक्सच्या दुकानात नेऊन, दुकानातल्या पोरासमोर, छापून घ्यायचा. प्रत अर्जाला जोडायची. ठाण्याने पुण्याच्या सायबर पोलिसांकडे बोट दाखवलं, तर पानशेतच्या वरच्या वाडीतून घरच्या कुणाची तरी मजुरी बुडवून एसटी धरायची. सायबर मदतीचा १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत अशी छायाचित्रं तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचं बंधन कंपन्यांवर आलं खरं, पण चाळीस फोनांत उतरलेला फोटो कंपनी कुठून हटवणार?

बाहेरची मदत मुळातच वाईट, असं नाही. २०१९ च्या करारानुसार अमेरिकेतलं बेपत्ता व शोषित बालकांसाठीचं खासगी केंद्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाला सूचना पाठवतं. त्यांवरून महाराष्ट्र सायबरच्या ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’मध्ये गुन्हे दाखल झाले. सूचना घेऊन पुढे जाणारा पोलीस तिथे होता.

मंत्रालयाने दोन आकडे तालुकावार जाहीर करावेत : स्वयंसेवकांनी २०२१ पासून किती मजकूर दाखवून दिला, आणि त्यातून किती गुन्हे नोंदले गेले. राज्याच्या गृह विभागाने भोर, राजगड आणि वेल्हे या ठाण्यांसाठी कलम ७८ च्या दर्जाचा, सायबर तपास शिकलेला अधिकारी द्यावा, आणि अशी तक्रार बंद खोलीत, छापील प्रतीचा हट्ट न धरता घेणारी महिला अंमलदार नेमावी. स्वयंसेवक भरतीची पुढची जाहिरात त्यानंतर काढली तरी चालेल.